क्लारापुढची छोटी रांग

नऊ वाजून सहा मिनिटांनी हिल्डी पालथी झाली, आणि नऊ वाजून सात मिनिटांनी आयलाच्या फोनवर लाल अक्षरं उमटली : नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

आयलानं फोन टेबलाखाली धरला होता, परीक्षेत चिठ्ठी धरावी तसा. तिनं पुन्हा दाबलं. पासवर्ड फोनमध्येच साठवलेला, टाईप करताना चुकायचा प्रश्नच नव्हता. तरी पुन्हा लाल. तिसऱ्यांदा मात्र पाळणाघराचा कॅमेरा उघडला. पिवळी सतरंजी, कोपऱ्यात कापडी ठोकळे, आणि मधोमध आठ महिन्यांची हिल्डी, पोटावर. क्षणभरानं तिनं मान उचलली आणि दाराकडे बघितलं. ती रोज असंच करायची. आयलानं कॅमेरा उघडावा आणि हिल्डीनं दाराकडे बघावं. आई येतेय का ते बघत असणार, दुसरं काय? रडत होती की नुसती बघत होती, तेही कळत नव्हतं. त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता.

"पोरी, क्लाराकडे बघितलंस का?" पलीकडच्या खुर्चीतून रॉय ट्रेव्हॅरोनं विचारलं.

आयलानं फोन मांडीखाली सरकवला. "काय झालं?"

"काय झालं काय? कमाल झाली. मान वर करून भिंतीकडे बघ जरा."

कॉलेजच्या ग्रंथालयाखालच्या तळघरात तिघंच काम करायची. साठीला टेकलेला रॉय, आयला, आणि काचेच्या केबिनमध्ये त्यांची साहेब डोलोरेस बेरुबे. खिडकी एकच, तीही छताला लागून. तिच्यातून सरोवर दिसायचं नाही. धुकं असलं की बंदरावरचा भोंगा तेवढा ऐकू यायचा. आज सकाळपासून तो वाजत होता.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तीन पट्ट्या होत्या, अ‍ॅगनेस, बर्था आणि क्लारा. कॉलेजात कुणीही काहीही उघडायला गेलं, टपाल म्हणा, वसतिगृहाचं दार म्हणा, नाही तर पाळणाघराचा कॅमेरा, की आधी नाव आणि पासवर्ड विचारला जाई. हा माणूस आपला की परका, हे नोंदी बघून सांगायचं काम या तीन सर्व्हरचं. अ‍ॅगनेस आणि बर्था जुन्या. क्लारा नवी, आयलानं उभी केलेली, शुक्रवारी संध्याकाळीच कामाला लागलेली. नावं रॉयच्या तीन आत्यांची. तिघींच्या पुढे एक वाटप करणारं यंत्र होतं. येणाऱ्याला कुणाकडे धाडायचं ते यंत्र ठरवी. रॉयच्या घरातली चार पिढ्यांची माणसं लोखंडाच्या खाणीत उतरलेली, म्हणून तो त्या यंत्राला मुकादम म्हणे. मुकादमाचा नियम साधा : जिच्यापुढची रांग छोटी, तिच्याकडे पुढचा माणूस.

आणि आज, वर्ग सुरू व्हायच्या पहिल्याच सोमवारी, क्लाराची पट्टी छताला भिडली होती.

"दहातले सात एकटी उरकतेय," रॉय म्हणाला. "आणि उत्तर द्यायला पापणी लवायचा वेळसुद्धा घेत नाही. थोरल्या दोघींना लाज आणली की हिनं!"

डोलोरेस केबिनमधून बाहेर आली. हातात कॉफी, नाकावर चष्मा. "वर मदतीच्या खिडकीपाशी रांग जिन्यापर्यंत गेलीय," ती म्हणाली. "पोरं उन्हाळाभर पोहतात आणि पासवर्ड सरोवरात बुडवून येतात. दरवर्षीचं रडगाणं." मग पडद्याकडे बघून तिचा आवाज मऊ झाला. "आयला, छान झालंय हे. शुक्रवारी आपल्याला बोलायचंय, लक्षात आहे ना? आजचा दिवस असाच पार पडला तर बोलण्यासारखं फारसं उरणारच नाही."

आयला हसली. हसताना तिला जाणवलं की सकाळपासून हे पहिलंच हसू.

शुक्रवारचं बोलणं म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाळंतपणाच्या रजेत तिचं अर्धं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं होतं. तिला परत येऊन सहा आठवडे झाले होते. आता तिची जागा ठेवायची की सगळंच काम त्या कंपनीच्या पदरात टाकायचं, हे डोलोरेसनं या शुक्रवारी वर कळवायचं होतं. जागा गेली की पाळणाघरही गेलं, कारण तिथं फक्त कॉलेजच्याच माणसांची मुलं. आणि पाळणाघर गेलं तर हिल्डीला बघणार कोण? वेस, हिल्डीचा बाप, खनिज वाहणाऱ्या जहाजावर होता. साठ दिवस पाण्यावर, तीस घरी. साठातले एकोणचाळीस झाले होते. जहाज काठाजवळून गेलं तरच फोन लागायचा. शनिवारी त्याचा एक फोटो आला होता, नुसतं धुकं. खाली लिहिलेलं, 'मी यात आहे.' तिनं लगेच फोन लावला, तोवर जहाज पुढे गेलेलं.

साडेनऊला तिनं पुन्हा फोन काढला. लाल. लाल. मग सतरंजी, आणि मान उचलणारी हिल्डी. पावणेदहाला लाल, लाल, लाल.

पोरं विसरतील, माणसं विसरतील. फोन कसा विसरेल?

"रॉय, तुम्हाला लॉगिन करताना काही अडतंय का?"

"मला? छे. पहिल्या झटक्यात उघडतंय. का गं?"

"काही नाही, सहज."

रॉयचं उघडणारच. या तळघरात तिघांच्या टेबलांवरची यंत्रं मुकादमाला विचारायची नाहीत, थेट अ‍ॅगनेसला विचारायची. मुकादम यायच्या आधीपासूनची ती जोडणी, कुणी बदललीच नव्हती. घरच्या माणसानं मागल्या दारानं यावं तसं. पुढच्या दारात काय चाललंय ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या फोनला तेवढं माहीत होतं.

आणि मग तिला शुक्रवारची संध्याकाळ आठवली.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. पाळणाघर सव्वापाचला बंद होतं आणि मागच्या आठवड्यात तिला दोनदा उशीर झाला होता. दुसऱ्या वेळी ट्रुडी, तिथली बाई, हिल्डीला टोपी घालून दारातच उभी होती. म्हणून शुक्रवारी तिनं क्लारा बंद करून चालू केली, हिरवा ठिपका लागलेला बघितला, आणि पिशवी उचलली. नाव-पासवर्ड घालून एकदा पुरतं आत शिरून बघायचं राहिलं होतं. उद्या घरून बघू, म्हणाली. शनिवारी हिल्डीला दात येत होते. रविवारी आयलाला झोप येत होती.

अकराच्या सुमाराला रॉयनं डबा उघडला. त्याच्या बायकोची पेस्टी, मटण-बटाटा भरून भट्टीत भाजलेली, करंजीच्या आकाराची पण वीतभर लांब. त्यानं अर्धी तोडून तिच्यापुढे धरली. "खा. बाळंतिणीसारखी सुकलीयस."

"आठ महिने झाले त्याला, रॉय."

"माझ्या बायकोला पस्तीस वर्षं झाली, अजून तेच कारण सांगते."

तिनं तुकडा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "मुकादम या तिघींना दर दहा सेकंदांनी विचारतो ना, तेव्हा नेमकं काय विचारतो?"

"काय विचारणार? आहेस का? ती म्हणते, आहे. झालं."

"काम करतेयस का, असं नाही विचारत?"

"आहे म्हणाली की करतच असेल की!" रॉयनं घास गिळला. "माझ्या आजोबांना मात्र हे पटलं नसतं हां. खाणीत उतरल्यावर ते आधी पहारीनं छत ठोकायचे. छत जागेवर आहे हे तर आंधळ्यालाही कळतं. पण घट्ट दगड खणकन वाजतो, आणि सुटलेला ढब वाजतो. ढब वाजला की हातातलं टाकून पळायचं." तो हसला. "तीन भाऊ गमावले तेव्हा शिकले बिचारे."

आयलानं पेस्टी कागदावर ठेवली. तोंड पडद्याकडे वळवून तिनं मुकादमाला वगळलं, थेट क्लाराचं दार ठोठावलं आणि स्वतःचं नाव-पासवर्ड घातला.

नाही.

चाचणीसाठी ठेवलेलं नाव घातलं. नाही. रॉयच्या आत्याच्या नावानं उघडलेलं जुनं खातं घातलं. नाही. क्लारा जागी होती, 'आहे' म्हणत होती, पण शुक्रवारी चालू होताना तिला नोंदींचा साठा सापडलाच नव्हता. तिच्या लेखी जगात कुणीच आपलं नव्हतं. जो येईल त्याला ती पापणी लवायच्या आत 'नाही' म्हणत होती. अ‍ॅगनेस-बर्था बिचाऱ्या नोंदी चाळून, खात्री करून उत्तर द्यायच्या, त्याला वेळ लागायचा. क्लाराला चाळायला काही नव्हतंच. म्हणून तिच्यापुढची रांग सदा छोटी, आणि म्हणून मुकादम दहातले सात तिच्याकडेच धाडत होता. भिंतीवरची ती उंच पट्टी म्हणजे परत पाठवलेल्या माणसांची पट्टी होती.

आयलाचे कान तापले. रॉय हात पुसत होता. डोलोरेस फोनवर होती.

दुरुस्ती दोन मिनिटांची. तिनं साठा जोडला, क्लारा पुन्हा चालू केली, आणि या वेळी आत शिरून बघितलं. हो. पुन्हा बघितलं. हो. कुणाला काही कळलं नव्हतं. वरची रांग आपोआप ओसरेल, पोरांना पासवर्ड आठवले म्हणतील सगळे, आणि शुक्रवार येईल.

"अरेच्चा!" रॉय ओरडला. "हिला काय झालं?"

भिंतीवर क्लाराची पट्टी धाडकन खाली आली होती. आता तीही नोंदी चाळत होती, वेळ घेत होती. तिघींच्या पट्ट्या सारख्या झाल्या.

डोलोरेस तोवर बाहेर आलीच. "आयला? तू काही केलंस का?"

"थोडंसं... जुळवाजुळव."

"जे केलंस ते उलटं कर बाई. एक वाजता वर्ग बदलायची नोंदणी उघडतेय. सगळं कॉलेज एकदम तुटून पडणार. मी वर सांगून बसलेय की नवी यंत्रणा जुनीच्या तिप्पट काम करते. सकाळी होतं तसं करून ठेव."

"पाणी भरून आणते," आयला म्हणाली, आणि बाटली घेऊन जिना चढली.

मदतीच्या खिडकीची रांग अजून होतीच. एक मुलगी रांग सोडून जिन्याच्या पायरीवर बसली होती. नवीन, गळ्यात वसतिगृहाची किल्ली अजून चमकणारी. तळहातावर पेनानं काहीतरी लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं.

"बरी आहेस ना?" आयलानं विचारलं.

"हो हो, बरी आहे," ती पटकन म्हणाली. मग हात पुढे केला. "तीनदा बदलून दिला त्यांनी. हे बघा, मी लिहूनच घेतलं. ते म्हणतात मी चुकीचा टाईप करते. मी एकेक अक्षर बघून करतेय हो. माझंच काहीतरी चुकतंय." ती हसायला गेली आणि हसू मध्येच फुटलं. "आईला सांगितलं सगळं छान चाललंय. काल रात्रीपासून मला खोलीच्या मजल्याचं दार उघडत नाहीये. कुणी आत जाणारं आलं की मी मागोमाग शिरते."

आयला तिच्याकडे बघत राहिली. 'बरी आहे.' 'छान चाललंय.' सहा आठवडे रोज सकाळी रॉय विचारायचा, बरं आहे ना पोरी, आणि ती म्हणायची, बरं आहे.

"तुझं चुकत नाहीये," ती म्हणाली. "एकदाही चुकलेलं नाही. आता करून बघ, उघडेल. चूक खाली झालीय."

"कुणाची?"

"माझी."

बाटली रिकामीच घेऊन ती खाली आली आणि पडद्यापुढे उभी राहिली. बसली असती तर बोलता आलं नसतं.

"सकाळी होतं तसं मी करणार नाही," ती म्हणाली. "सकाळी क्लारा कुणालाच आत घेत नव्हती. शुक्रवारी मी ती पुरती न तपासता घरी गेले. पोरं पासवर्ड विसरलेली नाहीत. आपण त्यांना नाही म्हणत होतो."

रॉयनं चष्मा वर केला.

"सगळ्यांना?" डोलोरेस म्हणाली. "हे मला वर सांगायचंय, आयला. पोरांना लेखी कळवायचंय. असेल-नसेल चालणार नाही. एखादा माणूस दाखव, ज्याचा पासवर्ड नक्की बरोबर होता आणि तरी नाकारला गेला."

"माझं नाव शोधा," आयला म्हणाली.

रॉयनं शोधलं. आणि सवयीनं, काही मनात न आणता, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं.

ओळी खाली उतरू लागल्या. कॉर्पेला, आयला. पाळणाघर, कॅमेरा. क्लारा, नाही. पाळणाघर, कॅमेरा. क्लारा, नाही. पाळणाघर, कॅमेरा. बर्था, हो. नऊ सात, नऊ सात, नऊ आठ. जिथं क्लारा तिथं नाही, जिथं थोरल्या दोघी तिथं हो, एकही अपवाद नाही. इतका स्वच्छ पुरावा कुणाला मागूनही मिळाला नसता. रॉयनं ओळी थांबवल्या नाहीत. आज संपला, मग मागचा आठवडा सुरू झाला, त्याच्या मागचा. दिवसाला पन्नास वेळा. साठ वेळा. चौदा तारखेला एकाहत्तर.

भोंगा वाजला. मग पुन्हा वाजला.

"चौदाला तिला ताप होता," आयला म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

रॉयनं घाईघाईनं पडद्यावरच्या ओळी पुसल्या. "दिसलं, दिसलं. शंकाच नाही. क्लाराच."

डोलोरेसनं चष्मा काढला, पुसला, घातला. "रॉय, एकच्या आत मुकादमाला तुमच्या आजोबांसारखं ठोकायला शिकवा. खरं नाव, खरा पासवर्ड, दर दहा सेकंदांनी तिघींकडे. आत घेतलं नाही तर ती बाजूला." मग आयलाकडे न बघता, "पोरांना पत्र तू लिही. चूक आमची, असं पहिल्याच ओळीत."

एक वाजता सगळं कॉलेज तुटून पडलं. तिन्ही पट्ट्या एकदम चढल्या, खांद्याला खांदा लावून, आणि तशाच राहिल्या. रॉयनं ठोकणाऱ्या खात्याला आजोबांचं नाव दिलं होतं, थॉमस. पडद्याच्या कोपऱ्यात दर दहा सेकंदांनी थॉमस आत शिरत होता. हो, हो, हो.

"तू जे दिवसभर हातानं करत होतीस तेच हा करतोय," रॉय म्हणाला आणि लगेच ओशाळला. "चांगल्या अर्थानं म्हटलं गं."

चार वाजता डोलोरेसनं तिला आत बोलावलं. दार लावलं नाही.

"शुक्रवारपर्यंत थांबत नाही. मी कळवलंय, तुझी जागा राहील. बाहेरच्या माणसांनी पट्टी खाली आणली असती आणि गप्प बसली असती. मला कधी कळलंच नसतं." तिनं टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "पण कॅमेरा कामाच्या वेळात बंद. मी तुझ्या नावावरून काढलाय. शुक्रवारी तू घाईनं गेलीस ती का, ते मला कळतं. पण कळलं म्हणून चालवून घेता येत नाही. दुपारच्या सुट्टीत चालत जा, भेट तिला. दहा मिनिटांचं अंतर आहे."

"हो," आयला म्हणाली. "थँक्यू, डोलोरेस."

जागा राहिली होती. ती खुर्चीत येऊन बसली, आणि हात आपसूक मांडीखाली गेला. फोन होता, पण त्यात आता काहीच नव्हतं. सव्वाचार. साडेचार. हिल्डी आता उठली असेल. दाराकडे बघत असेल. तिनं वेसला फोन लावला. माणूस संपर्काच्या बाहेर आहे असं एक बाई तिला समजावून सांगत राहिली. तिनं ते सगळं ऐकलं, शेवटपर्यंत, कुणीतरी बोलत होतं म्हणून.

पाच वाजून पाच मिनिटांनी पाळणाघराच्या दारावर तिनं कार्ड टेकवलं. तिघींपैकी कुणीतरी हो म्हणालं. दार उघडलं.

हिल्डी ट्रुडीच्या खांद्यावर होती, ट्रुडीचा मण्यांचा गोफ मुठीत धरून. आईकडे तिनं एकदा बघितलं आणि पुन्हा मण्यांकडे.

"शहाण्यासारखी राहिली," ट्रुडी म्हणाली. "अर्धं केळं खाल्लं. दुपारी जरा किरकिरली, बस."

आयलानं तिला घेतलं. मग राहवेना. "ट्रुडी, ही सारखी दाराकडे बघते ना? मला शोधते का?"

"दाराकडे?" ट्रुडी हसली. "दाराकडे कशाला बघेल? दारावर कॅमेरा आहे तो बघते. त्याला बारकासा लाल दिवा आहे बघ. कुणी घरून, ऑफिसातून बघायला लागलं की तो लागतो. बाकीची पोरं ढुंकून बघत नाहीत. हिचं मात्र जडलंय त्याच्यावर. दिवा लागला की हातातलं सोडून मान वर." तिनं सतरंजीची घडी घातली. "आज दुपारनंतर लागलाच नाही म्हणा. दोनतीनदा वर बघितलं बिचारीनं आणि मग माझ्या गोफाला लागली."

आयलानं दारावर बघितलं. मटाराएवढा काळा ठिपका. विझलेला.

बाहेर धुकं उतरलं होतं, गाड्या नुसत्या आकारांसारख्या उभ्या होत्या. काचा पुसल्या जाव्यात म्हणून तिनं हिल्डीला कडेवर ठेवूनच आत वाकून किल्ली फिरवली. गाडीला सीटचा पट्टा लावलेला हवा होता. तो नव्हता, म्हणून स्टिअरिंगच्या मागे बारकासा लाल दिवा लागला.

हिल्डीनं मान उचलली.

काचा कधीच स्वच्छ झाल्या. आयला उघड्या दारापाशी वाकून तशीच उभी राहिली, पोरीला त्या दिव्यासमोर धरून, पाठ दुखायला लागेपर्यंत.